कळ दाबून वाद्यवृंद उभा राहत नाही

चर्चच्या माळ्यावर, जेथे एके काळी सणावाराला गायकवृंदाच्या कडेला दोन-तीन व्हायोलिनवादक उभे राहत, तेथे आज एक कीबोर्ड मांडलेला असतो. त्या कीबोर्डवर ‘स्ट्रिंग्ज’ अशी अक्षरे असलेली एक कळ असते. ती दाबली की पन्नास-साठ तंतुवाद्ये एकदम झंकारल्याचा आभास होतो; शेजारची दाबली की ट्रम्पेट, तिच्या पलीकडची दाबली की ताल आपोआप सुरू. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आपल्या बहुतेक धर्मग्रामांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वाद्यसंगीताचा सारा प्रश्न ह्या कळीवर सोपवून दिला आहे आणि आपण श्रद्धावंतांनी त्याबद्दल नापसंतीचा शब्दही काढलेला नाही. स्वस्त पडते, जागा कमी लागते, वादक आजारी पडत नाहीत, रुसत नाहीत! हे सर्व खरे आहे. तरीही ज्या समाजातील माणसांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील व्हायोलिनांच्या रांगा पिढ्यान्‌पिढ्या भरून काढल्या, त्या समाजाने ही सोय इतक्या आनंदाने पत्करावी ह्याचा मला विषाद वाटतो. त्या विषादाची कारणे येथे स्पष्टपणे मांडण्याचा मानस आहे.

मुंबईत आज पूर्ण आकाराचा सिंफनी वाद्यवृंद आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसेल. नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए. ह्या संस्थेने २००६ साली ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला. खुश्रू सनटूक ह्यांचा पुढाकार आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेन्गालिएव्ह ह्यांचे संगीत-दिग्दर्शन, अशी ती सुरुवात होती. जमशेद भाभा नाट्यगृहात ह्या वाद्यवृंदाचे हंगाम होतात. तबला आणि सिंफनी वाद्यवृंद ह्यांच्यासाठी झाकिर हुसेन ह्यांनी लिहिलेली ‘पेशकार’ ही रचना २०१५ साली ह्याच वाद्यवृंदाने प्रथम सादर केली. २०१९ साली तो ब्रिटनचा दौराही करून आला. तेरा वर्षांत शून्यातून इथवर येणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि तिचे कौतुक करण्यात मी हात आखडता घेणार नाही.

पण रंगमंचावरील खुर्च्यांकडे नीट पाहावे. त्यांवर बसलेल्यांत परदेशी वादकांचा भरणा मोठा, त्यातही कझाकस्तानातून आलेल्यांचा विशेष. भारतीय वादक मूठभर. नावात भारत आहे, रांगांत तो शोधावा लागतो. ह्यात त्या संस्थेला बोल लावणे अन्यायाचे होईल. सिंफनी वाद्यवृंदाला नुसती तंतुवाद्येच साठाच्या घरात लागतात: पहिली व्हायोलिने, दुसरी व्हायोलिने, व्हियोला, चेलो, डबल बास. त्यांच्यामागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्यांच्यामागे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, आणि सर्वांत मागे टिंपनी. त्या दर्जाचे इतके वादक देशात नव्हते, म्हणून ते बाहेरून आणावे लागले. संस्थेनेही हे ओळखले आणि २०१२ साली लहान मुलांसाठी स्वतःची संगीत अकादमी सुरू केली. तेथे मुले निवडून घेतात आणि केवळ वाद्यच नव्हे, तर स्वरवाचन, संगीतशास्त्र आणि समूहवादन असे सर्वांगीण शिक्षण देतात. म्हणजे ज्यांनी छप्पर आधी घातले, त्यांनी मागाहून पाया खणायला घेतला आहे. उशिरा का होईना, घेतला आहे. आपले काय?

कारण पाया आपल्याकडे होता. मी येथे अभिमानाच्या गोष्टी सांगायला बसलेलो नाही, हिशेब मांडायला बसलो आहे. तेव्हा वाचकांनी पुढील तपशील ऋणको-धनकोच्या वहीसारखा वाचावा. गोव्यातील धर्मग्रामांना जोडून असलेल्या शाळांत अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि संगीत ही एकत्रच नांदत. चर्चचा ‘मेस्त्री’ मुलांना स्वरवाचन शिकवी, ज्याला गळा त्याला गायनात आणि ज्याला बोटे त्याला व्हायोलिनवर बसवी. हेतू उपासनेपुरता मर्यादित होता, पण परिणाम त्याच्या पलीकडे गेला. त्या शाळांतून निघालेली मुले पोटासाठी मुंबईत आली, हॉटेलांतील बँडमध्ये वाजवू लागली, आणि बोलपट स्थिरावल्यावर चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा बनली. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली, तेव्हा ह्या शहरात वाद्यवृंद बांधता येतो हे सिद्ध झाले. मेहली मेहता पुढे परदेशी गेले, आणि १९६४ साली तरुण वादकांचा वाद्यवृंद त्यांनी उभारला तो लॉस एंजेलिसमध्ये. तीन दशकांहून अधिक काळ ते अमेरिकेतील मुले घडवीत राहिले. त्यांना येथे ते करता आले असते तर मुंबईचा इतिहास वेगळा झाला असता, एवढेच म्हणतो.

दुसरे नाव अँथनी गोन्साल्विस ह्यांचे. ते नाव ऐकताच आपल्याला १९७७ सालचा चित्रपट आठवतो आणि अंड्यातून बाहेर पडणारा नायक आठवतो! त्या गाण्यातील नाव प्यारेलाल ह्यांनी आपल्या व्हायोलिन-गुरूला वाहिलेली आदरांजली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? गोन्साल्विस माजोर्ड्याचे, वडील तेथील चर्चचे गायकवृंदप्रमुख, मुलाचे शिक्षण त्याच वातावरणात झालेले. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात नाव मिळाल्यावर ह्या माणसाने आपल्या राग-संगीताच्या अभ्यासातून सिंफनी वाद्यवृंदासाठी रचना केल्या, आणि १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्या सादर केल्या. एकशे दहा वादक होते. गाणार होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. त्या वाद्यवृंदाचे नाव होते ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’. होय, जवळजवळ तेच नाव, अठ्ठेचाळीस वर्षे आधी, एका कॅथलिक महाविद्यालयाच्या प्रांगणात, एका चर्चच्या मेस्त्रीच्या मुलाने धारण करवलेले. तो उपक्रम पुढे टिकला नाही. गोन्साल्विस काही काळ अमेरिकेत राहून परतले, गोव्यात जाऊन राहिले आणि २०१२ साली निवर्तले. त्याच वर्षी नरिमन पॉइंटला नवी अकादमी उघडली.

मग ही परंपरा आटली कशी? सिंथेसायझर आला आणि अनेक मार्गांवर स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रण करण्याची सोय झाली, तशी पन्नास व्हायोलिनवादकांना एकत्र बोलावण्याची गरज निर्मात्याला उरली नाही. रोजी गेली, म्हणून मुलाला वाद्य शिकवण्याचे कारण गेले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे वाद्यमेळाची रचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा ह्यांच्यासारख्या माणसांची नावे जनमानसात कधी रुजली नव्हतीच, त्यामुळे तेथे काही हरवत आहे ह्याची कोणी दखलही घेतली नाही. हे बाजाराचे झाले. बाजाराला मी दोष देत नाही. त्याचा धर्म तोच. परंतु चर्च हा बाजार नव्हता. निर्मात्याला नको असलेला व्हायोलिनवादक आपल्या माळ्यावर हवा होता. आपणही त्याच सुमारास तोच कीबोर्ड विकत घेतला आणि वादकाला खाली पाठवले. ज्या ठिकाणी पैशाचा हिशेब शेवटी व्हायला हवा, त्या ठिकाणी आपण तो पहिल्यांदा केला.

ह्यावर आपल्या घरांतून एक उत्तर हमखास येते: “आमची मुले संगीत शिकतात की!” शिकतात, हे मान्य. घोडबंदर मार्गावरील वसाहतींपासून डोंबिवलीच्या फडके रस्त्यापर्यंत पियानो आणि कीबोर्डचे वर्ग आहेत, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आहेत, ग्रेड आहेत, प्रमाणपत्रे आहेत. पण ही पद्धती मुलाला काय शिकवते ते पाहा. वर्षभर तीन तुकडे घोटायचे, परीक्षकासमोर एकट्याने वाजवायचे, गुण मिळवायचे, चौकट करून दिवाणखान्यात लावायची. दहावीचे वर्ष आले की झाकण बंद. आठ ग्रेड पार केलेला मुलगा चार जणांबरोबर एक साधे भजन वाजवताना गोंधळतो, कारण दुसऱ्याचे ऐकत वाजवण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलेलाच नसतो. परीक्षा वाईट नाहीत. परंतु परीक्षा म्हणजे शिक्षण अशी समजूत करून घेणाऱ्या पालकांनी मुलांना संगीतातील सर्वांत मोठा आनंद नाकारला आहे, हे मी त्यांच्या तोंडावर सांगू इच्छितो. आणि सारी मुले पियानोकडेच का? वाद्यवृंदाला एखादा पियानो लागला तर लागतो. व्हायोलिने लागतात तीस. व्हियोला शिकणारे मूल तर ह्या पट्ट्यात दिवा घेऊन शोधावे लागेल.

येथील भूमी संगीताला नापीक आहे, असे म्हणायची तर सोयच नाही. कल्याण गायन समाज १९२६ सालचा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत घराण्याच्या उंबरठ्यातून बाहेर काढून चारचौघांच्या मुलामुलींपुढे ठेवले. त्याचे फळ म्हणून आज आपल्या शेजारच्या हिंदू कुटुंबातील मुलगी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढत असते, आणि तिची आई तिला पावसात छत्री धरून वर्गाला पोहोचवत असते. व्हायोलिनदेखील मराठी माणसाला परके नाही. श्रीधर पार्सेकर, गजाननबुवा जोशी, डी. के. दातार ह्यांनी ते मांडी घालून वाजवले आणि आपलेसे केले. शेजाऱ्यांनी आपल्या परंपरेसाठी गल्लीगल्लीत वर्ग उभे केले. आपल्या हाती जी परंपरा होती तिच्यासाठी आपण काय उभे केले, ह्या प्रश्नाचे उत्तर देताना मान खाली जाते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप आपल्याच विचारवंतांचा: हे पाश्चात्य संगीत, वसाहतवादाचे ओझे, सांस्कृतिकीकरणाच्या काळात आपण पेटी-तबल्यावर भजने म्हणावीत, व्हायोलिनच्या रांगा कशाला? पेटी-तबल्यावरील भजनांचा मी चाहता आहे, आणि मराठी उपासनेत ती घुमली पाहिजेत ह्याबद्दल दुमत नाही. पण पेटी कोठून आली? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसला घेतले गेले. विदेशी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके त्याच पेटीला आपल्या दारात उभे केले नव्हते! आज ती इतकी देशी झाली आहे की तिच्या नावाने व्हायोलिनला विदेशी ठरवले जाते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्याच्या ११९व्या कलमात मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताला मानाचे स्थान द्यावे असे सांगितले आहे. हे कलम आपल्या सभांतून पुष्कळदा सांगितले जाते. त्याच्याच आधीचे ११५वे कलम, जे गुरुविद्यालयांतून आणि कॅथलिक शाळांतून संगीताच्या शिक्षणाला मोठे महत्त्व देण्यास सांगते, ते मात्र सभेत कोणी वाचत नाही. कारण त्याचे पालन करायचे तर शिक्षक नेमावा लागतो आणि वेळापत्रकात तास काढावा लागतो. भजन की सिंफनी हा वाद मला म्हणूनच खोटा वाटतो. जेथे दोन्ही शिकवले जात नाही, तेथे ह्या वादाच्या आडून कीबोर्डच जिंकतो.

दुसरा आक्षेप असा की, हे श्रीमंतांचे संगीत. ते दक्षिण मुंबईत शोभते. तसे असेल तर दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोच्या वस्तीत १९९७ पासून चाललेला ‘बस्केड’ हा प्रकल्प कसा समजावून घ्यावा? रोझमेरी नाल्डेन ह्या इंग्रज व्हियोलावादिकेने तेथील मुलांना तंतुवाद्ये शिकवली आणि ती मुले लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवून आली. ते पाहून इंग्लंडात वैद्यकी करणारे गोव्याचे डॉ. लुईस डायस मायदेशी परतले, आणि २००९ साली त्यांनी गोव्यात ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था काढून गरीब घरांतील मुलांच्या हाती व्हायोलिने आणि चेलो दिले. ह्याहून जुना दाखला हवा तर बोलिव्हियातील चिकितोस प्रांताचा घ्यावा. तेथे अठराव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंनी मूळनिवासींना वाद्ये वाजवायला आणि घडवायलाही शिकवले. संघाची हकालपट्टी झाली, चर्चे मोडकळीला आली, तरी लोकांनी स्वरलिपीचे कागद जपून ठेवले. गेल्या शतकात चर्चांचा जीर्णोद्धार करताना त्यांतील हजारो पाने हाती आली, १९९६ पासून त्या संगीताचा महोत्सव भरू लागला, आणि आज त्या दुर्गम गावांतून मुलांचे वाद्यवृंद वाजत आहेत. त्यांनी कागद जपले. आपल्या माळ्यांवरील जुन्या स्वरलिपींच्या वह्यांचे काय झाले, हे ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रामात विचारून पाहावे.

तेव्हा करायचे काय? मुलाला नरिमन पॉइंटला पाठवा, असे सांगणे सोपे आहे. मुख्य टर्मिनसपासून ठाणे चौतीस किलोमीटर, डोंबिवली अठ्ठेचाळीस, कल्याण चोपन्न. सात वर्षांच्या मुलाला पाव आकाराचे व्हायोलिन देऊन गर्दीच्या गाडीतून आठवड्यात दोनदा-तीनदा नेणारी माता धन्यच, पण तिच्या धैर्यावर एखाद्या प्रदेशाचे संगीतशिक्षण उभे राहत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या दोन महानगरपालिकांची लोकसंख्या मिळून तीस लाखांच्या वर होती. युरोपात ह्याच्या दशांश वस्तीच्या गावांचे स्वतःचे वाद्यवृंद असतात. गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले नाट्यगृह, आचार्य अत्रे रंगमंदिर अशी नाट्यगृहे आपल्याकडे आहेत. त्यांच्या रंगमंचावर बसवण्याजोगा आपला सिंफनी वाद्यवृंद नाही.

तो वाद्यवृंद उद्या उभा राहणार नाही. सहाव्या-सातव्या वर्षी सुरू केलेले मूल वाद्यवृंदात नीट वाजवू लागायला दहा-बारा वर्षे घेते. म्हणूनच आज सुरू केले पाहिजे, आणि ते आपल्याच सभागृहांत सुरू केले पाहिजे, जी आठवड्यातील पाच संध्याकाळी कुलूपबंद असतात. एका धर्मग्रामाला हे झेपणार नाही. ठाण्यातील दोन-तीन आणि कल्याण-डोंबिवलीतील दोन-तीन धर्मग्रामांनी मिळून तंतुवाद्यांचा एक शिक्षक नेमावा. मुले आठ-दहाच्या गटाने शिकतील, एकेकटी नव्हे. पहिल्या महिन्यापासून एकत्र वाजवतील, मग भले दोनच सूर असोत. शिकवण्याची भाषा मराठी असावी, आणि दार शेजारच्या प्रत्येक मुलाला उघडे असावे, त्याचे कुटुंब कोणत्याही धर्माचे असो.

वाद्यवृंदाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी आपल्याला फारशी चिंताही करायला नको, कारण तो आपल्या गावांत आजही चालतो-बोलतो आहे. ठाण्याच्या जुन्या ईस्ट इंडियन गावठाणांतून लग्नाच्या वरातीत, क्रुसाच्या सणाला आणि अंत्ययात्रेत जो ब्रास बँड वाजतो, त्यातील ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांचा दम आणि कान पाहावा. हे लोक बापाकडून मुलाकडे कला देत आले. आपण त्यांना वरातीपुरते बोलावतो, जेवणाच्या पंगतीत शेवटी बसवतो, आणि ‘बँडवाले’ म्हणतो. त्यांच्या मुलांना स्वरलिपी शिकवण्याची व्यवस्था झाली तर सुषिर वाद्यांचे दालन पाच वर्षांत तयार होईल. ह्या वादकांना सन्मानाने शिक्षक म्हणून बोलावण्यात कोणाला कमीपणा वाटत असेल, तर तो रोग संगीताचा नव्हे.

आपल्या धर्मग्रामांतील आणखी एक दुखणे ह्या निमित्ताने बोलून टाकतो. कल्याण-डोंबिवलीकडे आपण गोव्याचे आहोत, मंगळूरचे आहोत, केरळचे आहोत, तमिळ आहोत, नगरकडचे मराठी आहोत, ईस्ट इंडियन आहोत. मिस्सा इंग्रजीत किती, मराठीत किती, कोकणीत किती, ह्यावरून होणाऱ्या ओढाताणी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. नाताळच्या रात्रीचे पहिले गीत कोणत्या भाषेत, ह्यावरून एका धर्मग्रामात दोन गायकवृंद वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. व्हायोलिनच्या रांगेत हा प्रश्नच उद्भवत नाही. शेजाऱ्याचा गज वर जात असताना आपला खाली आला, तर चूक कोणत्याही भाषेत तीच असते.

राहता राहिला पैसा. लहान मुलाचे शिकाऊ व्हायोलिन काही हजार रुपयांत मिळते. मूल मोठे झाले की ते धाकट्याला देता येते, म्हणजे एकदा घेतलेली दहा वाद्ये अनेक वर्षे फिरती राहतात. चेलो महाग, डबल बास त्याहून. तेवढ्यासाठी दाते शोधावे लागतील. पण धर्मग्रामाच्या सणाच्या जमाखर्चाचा कागद एकदा उघडून मंडप, रोषणाई, ध्वनियंत्रणा आणि रात्रीच्या करमणुकीचा बँड ह्यांपुढील आकडे वाचावेत, आणि त्यांच्याखाली ‘संगीतशिक्षण’ ह्या शीर्षकापुढे काय लिहिले आहे ते पाहावे. ते शीर्षकच सापडले नाही, तर येत्या सर्वसाधारण सभेत उठून ते घालण्याची मागणी करावी. ठराव मांडायला सूचक आणि अनुमोदक असे दोघे पुरतात.